हिरव्या डबीतला फोटो

अंबड आणि आजूबाजूच्या खेड्यांतल्या कितीतरी भिंतींवर मी टांगलेली माणसं आहेत. टोप्या, फेटे, डोक्यावरून घेतलेले पदर, आणि काचेवर चंदनाचा नाहीतर प्लॅस्टिकचा हार. कुणाकडे गेलो की चहा येईपर्यंत मी समोरच्या भिंतीकडे बघत बसतो आणि मनातल्या मनात म्हणतो, हा माझा. तो शेजारचा माझा नाही, त्याच्या नाकाची सावली मी तशी ठेवली नसती. खोड वाईटच. परत येताना इंदू, म्हणजे माझी बायको, विचारायची, "काय हो, त्या घरात जिवंत माणसंपण होती. त्यांच्याशी काही बोललात का?"

इंदूला जाऊन आता पावणेदोन वर्षं होतील. त्यातले पहिले अकरा महिने, तेरावा दिवस सोडला तर, आमच्या बैठकीतल्या भिंतीवर एक खिळा नुसताच होता. ज्यानं तालुक्याला फोटो टांगून दिले, त्याच्या घरात बायकोचा टांगण्याजोगा फोटो नव्हता. या अंकाच्या संपादकांनी मला "तुमच्या कॅमेऱ्याविषयी लिहा, तांत्रिक गोष्टी साध्या भाषेत सांगा" असं कळवलं आहे. ते मी करतो. पण खिळा मध्ये येणार, याची कल्पना दिलेली बरी.

माझा कॅमेरा डिजिटल एसएलआर घराण्यातला सगळ्यात खालच्या पायरीचा. कंपन्या त्याला 'नवशिक्यांसाठी' म्हणतात. मी तो घेतला तेव्हा रिळाच्या कॅमेऱ्यावर माझी वीस वर्षं झाली होती, त्यामुळे खोक्यावरचा तो शब्द मला लागला. सूड म्हणून मी त्याची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली, 'कॅमेरा पाण्यात बुडवू नये' या सूचनेसकट. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, हातात आलेलं पुस्तक अर्धवट सोडत नाही. जिल्ह्यात ती पुस्तिका पूर्ण वाचलेला मी एकटाच, असं मी अभिमानानं सांगत असे. तो अभिमान कुठे गेला ते पुढे येईलच.

आता याची रचना. समोरचं दृश्य भिंगातून आत शिरतं. आत एक आरसा तिरपा उभा असतो. तो दृश्य वर फेकतो, वरचे आणखी आरसे ते वळवून मागच्या खिडकीत आणतात, आणि तिथे आपला डोळा असतो. बटण दाबलं की तिरपा आरसा खाड्कन वर उचलला जातो, मागचा पडदा उघडतो, उजेड सेन्सरवर, म्हणजे रिळाच्या जागी बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक डोळ्यावर, पडतो, पडदा मिटतो, आरसा खाली येतो. हे सगळं पापणी लवण्याच्या आत होतं. पण एक गंमत लक्षात घ्या. आरसा वर असतो तेवढा वेळ खिडकीत अंधार असतो. म्हणजे जो क्षण फोटोत येतो, नेमका तोच काढणाऱ्याला दिसत नाही. हजारो लग्नांतला 'सावधान' मी असा पाहिलेलाच नाही.

दुसरी गंमत खिडकीचीच. महागड्या कॅमेऱ्यात खिडकीत दिसतं तेवढंच फोटोत येतं. आमच्या गरिबाच्या कॅमेऱ्यात खिडकी थोडी कमी दाखवते. कडेची एक पट्टी डोळ्याला दिसत नाही, फोटोत मात्र येते. या पट्टीनं मला फार छळलं. खिडकीत नवरानवरी शुद्ध, आणि फोटोत कडेला कुणाचं तरी जिलबी धरलेलं बोट. एकदा शाळेच्या निरोप समारंभात मुख्याध्यापक भाषण करताहेत आणि पट्टीत शिपाई त्यांच्याच खुर्चीवर बसून बघतोय. मुख्याध्यापकांनी नेमकी तीच प्रत मागितली; पुढे शिपायाला काय झालं ते मी विचारलं नाही.

बहुतेक वेळा मात्र त्या पट्टीत इंदू असायची. लग्नाला ती माझ्याबरोबर यायची. नवरीच्या खोलीत पुरुष फोटोग्राफरला दार उघडत नाहीत, तिथे आधी ती जायची. नवरीचा पदर सारखा करायचा, घुसणाऱ्या आत्यांना हसत हसत मागे रेटायचं, आणि थर्माकोलची पांढरी शीट धरून चेहऱ्यावर उजेड वळवायचा, ही तिची कामं. ती शीट अगदी कडेपर्यंत आणायची, म्हणून तिचा हात, हिरव्या बांगड्या, कधी साडीचा काठ पट्टीत यायचा. कॉम्प्युटरवर बसून मी ते कापून टाकायचो.

कॉम्प्युटर खरा तिचाच प्रांत. कार्डातले फोटो उतरवणं, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाचा फोल्डर करणं, त्यातला छापायचा फोटो निवडून मला दाखवणं, हे सगळं ती करायची. मी फक्त शेवटचा हात फिरवायचो आणि उजेडाला नावं ठेवायचो.

आता भिंतीवरच्या फोटोंचा धंदा सांगतो, कारण बाहेरच्याला वाटतं की लोक त्यासाठी मुद्दाम बसतात. कुणी बसत नाही. माणूस गेला की तिसऱ्या दिवशी मुलगा लग्नाचा अल्बम काखेत मारून येतो. "यातले आमचे आबा काढून द्या." आबा असतात नवरदेवाच्या काकाच्या मागे, अर्धे. त्यांना तिथून कापायचं, मागे निळं आभाळ लावायचं, खांद्यावरचा परका हात पुसायचा. पुसताना नेहमी वाटायचं, हा हात कुणाचा असेल, आणि त्याला आपण पुसलो गेल्याचं कधी कळेल का.

या पद्धतीला ज्यानं उघड विरोध केला असा एकच माणूस मला भेटला. लिंबाजीबा. भोकरदनकडच्या पिंपळगाव रेणुकाईचा मेंढपाळ. दरसाल दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे उतरतो आणि उन्हं तापली की परत वर जातो. वाटेत अंबड लागतं. पहिल्यांदा आला तेव्हा खांद्यावर घोंगडी, हातात काठी, डोक्याला तांबडं मुंडासं. आमच्या घराच्या पुढच्या खोलीतच माझा स्टुडिओ आहे; त्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "फोटोवाले, मेल्यावरचा फोटू काढायचाय."

"कुणाचा?"

"माझा."

मी पुस्तक मिटून ठेवलं. इंदू आतून बाहेर आली.

"मामा, तुम्ही तर चांगले ठणठणीत दिसून राह्यले," ती म्हणाली.

"म्हून तर आलो, बाई. आमच्या भावाचा फोटू पाह्यला मी. साडूच्या लग्नातून कापला त्याला. त्या लग्नात त्याचं अन् साडूचं भांडण झाल्तं. आता जल्माचा भिताडावर रागानं बघून राह्यला. मला तसं न्हाई पाहिजे. मी जिता हाय तवर मनासारखा काढून ठिवतो."

मी त्याला स्टुलावर बसवलं. आमच्याकडे पासपोर्ट फोटोसाठी एक काळा कोट आणि तयार गाठीचा टाय कायम टांगलेला असतो. तालुक्यातल्या निम्म्या साक्षीदारांनी तो घातलाय. तो मी पुढे केला. लिंबाजीबानं कोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मेंढरं वळखतील का मला ह्याच्यात?"

फोटो घोंगडीतच निघाला. दुसऱ्या वर्षी तो पुन्हा हजर. "दोन दात गेले. नवा काढा."

"आणि जुन्याचं काय केलं?"

"सुनंच्या माहेरी देऊन टाकला. त्यांच्याकडं आपला एक बी नव्हता."

तेव्हापासून दर वर्षी तो नवा फोटो काढून घेतो. मरणाच्या फोटोचं असं नूतनीकरण करणारा दुसरा माणूस माझ्या ऐकिवात नाही. इंदूचं आणि त्याचं मात्र फार जमायचं. ती त्याच्यासाठी चहा टाकायची, तो तिला मेंढरांच्या खोड्या सांगायचा. एकदा त्यानं मला सरळच विचारलं, "बाईचा काढला का न्हाई?"

"काढू की," मी म्हणालो.

इंदू कपबशा उचलत म्हणाली, "त्यांना उजेड बराबर मिळत न्हाई, मामा. पंचवीस वर्षं झाली शोधून राह्यले."

तिघंही हसलो. मी थोडा कमी.

तिच्या बोलण्यात खोटं काही नव्हतं. तिला समोर बसवलं की मला काय व्हायचं कोण जाणे. आयएसओ बदल, म्हणजे सेन्सरची उजेडाची भूक कमीजास्त कर. भिंगाचं तोंड लहान कर, मोठं कर. खोलीच्या खिडकीचा पडदा ओढ, सोड. गिऱ्हाइकाला मी दोन मिनिटांत मोकळं करायचो. तिला म्हणायचो, "थांब, उजेड बराबर नाही." ती थांबायची. मग आत दूध उतू जायचं, किंवा दारात कुणी यायचं, आणि ती उठून जायची. "राहू द्या हो, मी कुठं चालले?" असं जाताना म्हणायची.

कॅमेऱ्याच्या वर एक गोल चकती असते. तिच्यावर काढण्याच्या पद्धती लिहिलेल्या. एका जागी 'एम' हे अक्षर, म्हणजे सगळं आपल्या हातानं ठरवायचं. आणि एका जागी हिरवी चौकोनी डबी. ती लावली की कॅमेराच सगळं ठरवतो, आपण नुसतं बटण दाबायचं. अंधार वाटला तर डोक्यावरचा फ्लॅशही स्वतःहून टुणकन उभा राहतो. मी कायम 'एम'वर. हिरव्या डबीला मी 'पंगत' म्हणायचो. बसलं की वाढलेलं खायचं, स्वतः काही रांधायचं नाही. कॅमेरा शिकायला येणाऱ्यांना मी सांगायचो, त्या डबीला हात लावलात तर माझं नाव सांगू नका.

यानंतरचा प्रसंग मंठ्याच्या लग्नातला. माझ्या धंद्यातलं सगळ्यात मोठं संकट तेच.

मंठ्याला बाजार समितीतल्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. आम्ही सकाळीच पोचलो. हळदीच्या वेळी मी खिडकीला डोळा लावला. सगळं धूसर. नवरी म्हणजे पिवळा डाग, तिची आई म्हणजे जांभळा डाग. भिंग पुसलं, डोळा पुसला, चष्मा पुसला. डाग ते डागच.

"इंदू," मी हळूच म्हणालो, "माझे डोळे गेले बहुतेक."

"एकाएकी?"

"मोतीबिंदू असेल. काही दिसत नाही आतून."

तिनं माझ्याकडे एकदा, कॅमेऱ्याकडे एकदा पाहिलं. मग पदर तोंडाला लावला. मला वाटलं तिला रडू येतंय.

"कॅमेरा टिक टिक करतो न्हाई का, जमलं की?" ती म्हणाली.

करतो. बटण अर्धं दाबलं की भिंग स्वतः मागेपुढे होतं, आणि चेहरा नेमका पकडला की आवाज येतो. त्या दिवशी मी त्या आवाजाच्या भरवशावर लग्न काढलं. इंदू शीट धरून माझ्या कानाशी उभी आणि मला दिसत नसलेलं लग्न सांगतेय: "आता मामा आले. थोडं डावीकडं. आता नवरदेवाची मावशी, तोंड वाकडं करून. आत्ता हसली, दाबा जल्दी!" मी दाबत होतो. उजेडाविषयी बोलायची मला शुद्धच नव्हती.

घरी येऊन फोटो पाहिले तर एकूण एक लख्ख. व्यापाऱ्यानं पुढे तीन पाहुण्यांकडे माझं नाव सांगितलं; म्हणाला, या फोटोत माणसं बोलल्यासारखी वाटतात. मी काही खुलासा केला नाही.

डोळे दाखवायला इंदू मला दुसऱ्याच दिवशी जालन्याला घेऊन गेली. दोन वर्षं मी ती तपासणी पुढे ढकलत होतो. डॉक्टरांनी सगळं पाहिलं. मोतीबिंदू नव्हता, चष्म्याचा नंबर तेवढा थोडा बदलला होता. "पण आतलं एकदम धूसर दिसावं असं काही नाही," ते म्हणाले. परत येताना एसटीत मी कॅमेरा काढून बघत बसलो, आणि खिडकीच्या कडेला बोटाच्या पेराएवढी एक खाचांची चकती दिसली. चष्मेवाल्यांसाठी असते ती. आपल्या डोळ्याच्या नंबराप्रमाणे फिरवली की खिडकीतलं स्वच्छ दिसतं. फोटोशी तिचा काहीच संबंध नाही; ती फक्त बघणाऱ्याची सोय. माझ्या पुस्तिकेत तिच्यावर अर्धं पान आहे. ते मी तीनदा वाचलेलं. आणि ती चकती कुणीतरी पार टोकापर्यंत फिरवून ठेवली होती.

"ही कुणी फिरवली?"

"पिशवीत घासून फिरली असंल," इंदू खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पुढच्या वळणापर्यंत तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर सहा वर्षांनी, पौषात, ती गेली. आजार दीड महिन्याचा. त्याविषयी मी इथे लिहिणार नाही.

तेराव्याला फोटो लागतो. मी कॉम्प्युटर उघडला, आणि काही सापडेना. मुलीच्या लग्नात आमचा म्हणून एक फोटो आहे. त्यात ती वळून कुणाला तरी पाणी द्या म्हणून सांगतेय. शेवटी वैशालीनं, म्हणजे आमच्या मुलीनं, आधार कार्डावरचा फोटो मोठा केला. तुम्हाला ते फोटो ठाऊक आहेत. माणूस नुकता पकडून आणल्यासारखा. येणारे हात जोडायचे, फोटोकडे बघायचे, मग माझ्याकडे. तेरावं झालं त्या संध्याकाळी मी तो उतरवला आणि कपाटात ठेवला. खिळा राहिला.

वैशाली पुण्याला असते. दर रविवारी फोन. "बाबा, वर्षश्राद्धाच्या आत फोटो सापडलाच पाहिजे. तुम्ही एवढे लाखभर फोटो काढलेत, एक आईचा नसेल?"

मी शोधत होतो. रोज थोडं थोडं, एकेका वर्षाचे फोल्डर. आणि ती सापडत होती, पण कशी? न कापलेल्या मूळ फोटोंच्या कडेच्या पट्टीत. हात. बांगड्या. शीटमागून दिसणारा कपाळाचा तुकडा. एका फोटोत नुसती सावली, पण शीट धरलेली. दोन-तीन महिन्यांत मी तिचे पुष्कळ हात गोळा केले. एकदा तर वाटलं, जे मी दुसऱ्यांच्या आबांचं केलं तेच करावं. इथून हात, तिथून कपाळ, आणि मागे निळं आभाळ. मग कॉम्प्युटर बंद करून टाकला.

मार्गशीर्षात लिंबाजीबा आला. दारात थांबून त्यानं नेहमीप्रमाणे आत हाक मारली, "बाई, च्या टाका." मी उठून उभा राहिलो. त्याला माझ्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं. तो उंबऱ्यावरच बसला, काठी आडवी ठेवली.

"फोटू कुठं टांगला?" मग त्यानं विचारलं.

"नाही टांगला. चांगला एकही नाही."

"न्हाई कसा? मी काढल्याला हाय की."

मला आधी वाटलं, म्हातारा शोकात काहीबाही बोलतोय.

"तुम्ही?"

"मंग! तुम्ही माझा फोटू काढून कोर्टात गेल्ते, कुण्या वकिलाला फोटू द्यायला. बाई मला म्हन्ली, मामा, आता माझा काढा. म्या म्हन्लं, मला कुठं येतंय. तं ती म्हन्ली, सोपं हाय, हिरव्या डबीवर ठिवलंय. अर्धं दाबा, टिक टिक वाजलं का पुरं दाबा. मला आतून काय बी दिसंना, माझे डोळे हे असे. मंग तिनं ती बारकी चकती फिरवली. फिरवली, फिरवली, अन् बाई दिसली. बिलकुल समोर."

मी कॉम्प्युटरकडे वळलो.

"मला का नाही सांगितलं?"

लिंबाजीबानं मुंडासं सारखं केलं. "ती म्हन्ली, ह्यांला सांगू नका. हे म्हनतील उजेड बराबर न्हाई, अन् पुसून टाकतील."

तिनं तो कुठे ठेवला असेल याचा विचार करायला मला फार वेळ लागला नाही. मी आमच्या घरच्यांच्या नावांचे सगळे फोल्डर पालथे घातले होते. गिऱ्हाइकांतही लग्नंच धुंडाळली, कारण ती माझ्याबरोबर लग्नांना यायची. एकट्या माणसाच्या फोल्डरमध्ये ती कशाला असेल? आणि या माणसाचा छापायचा फोटो तीच निवडून द्यायची. 'लिंबाजी मामा' नावाचा फोल्डर मी पहिल्यांदाच उघडला. त्यात वर्षावर्षानं दात कमी होत जाणारा लिंबाजीबा, आणि एका जागी, ओळीत, इंदू.

तिनं साडीवर आमचा काळा कोट चढवलाय. तयार गाठीचा टाय गळ्यात. खांद्यावर लिंबाजीबाची घोंगडी. त्याची काठी तिनं तलवारीसारखी सरळ कॅमेऱ्यावर रोखलीय आणि तोंड उघडं टाकून हसतेय, अशी की मागची दाढ दिसते.

तांत्रिक दृष्ट्या हा फोटो असा आहे. सरळ फ्लॅश मारल्यामुळे मागच्या निळ्या पडद्यावर काळीकुट्ट सावली. कॅमेरा उजवीकडे कललेला. खालच्या कोपऱ्यात बोटाचा पांढुरका गोळा. हिरव्या डबीत कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळची वस्तू पकडतो, म्हणून काठीचं टोक कोरून काढल्यासारखं स्पष्ट, आणि चेहरा केसभर मऊ, म्हणजे धूसर. माझ्याकडे कुणी असा फोटो घेऊन आलं असतं तर मी चष्मा काढून ठेवला असता. फोटोबरोबर कॅमेरा स्वतःची टिपणंही ठेवतो: पद्धत स्वयंचलित, फ्लॅश उडाला. आणि तारीख. मंठ्याच्या लग्नाच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे हळदीच्या मांडवात मी 'माझे डोळे गेले' म्हणालो तेव्हा तिला नेमकं ठाऊक होतं काय झालंय. एका बोटानं ती मला बरं करू शकली असती. पण मग मी विचारलं असतं, चकती कुणी फिरवली. आणि शिवाय मी जालन्याला डोळे दाखवायला गेलो नसतो.

मी हसायला लागलो. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. लिंबाजीबा मागे उभा राहून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत होता. "चांगला आलाय न्हाई?" तो म्हणाला. त्याला एवढाच फोटो काढता येतो, पण प्रशंसेची अपेक्षा आम्हा सगळ्यांसारखीच.

"फार चांगला आलाय," मी म्हणालो. चाळीस वर्षांच्या धंद्यात दुसऱ्याच्या फोटोला मी असं बहुधा पहिल्यांदाच म्हणालो.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी वैशाली आली तेव्हा फोटो खिळ्यावर होता. मी कॉम्प्युटरवर त्याला हात लावला नव्हता. सावली होती, बोटही होतं. ती दारातच थांबली.

"बाबा, हा? उद्या भटजी येणार, आत्या येणार, सगळे येणार. आईनं टाय घातलाय!"

"तिनंच काढून घेतलाय. मनासारखा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, फोटोग्राफरला उजेड जमला नाही."

ती पिशवी हातात घेऊनच बघत राहिली. मग ती एकदम आईसारखीच, दाढ दिसेल अशी हसली. दुसऱ्या दिवशी हार तिनंच घातला. येणारा प्रत्येक माणूस आधी हात जोडायचा आणि मग नकळत पुढे होऊन फ्रेम सरळ करायला बघायचा. फ्रेम सरळच आहे, मी सांगत होतो. आतली वाकडी आहे, तिला राहू द्या. भटजींनीही एकदा प्रयत्न केला.

परतीच्या वाटेवर लिंबाजीबा एरवी आमच्याकडे थांबत नाही, पण या चैत्रात मेंढरं घेऊन वर निघाला होता, तेव्हा खास फोटो बघायला आला. चपला काढून आत गेला, भिंतीसमोर उभा राहिला. हात जोडले. मग मान तिरकी करून, फोटो ज्या बाजूला कललाय त्या बाजूला स्वतः कलून, नीट पाहिला. तेवढ्या लोकांत ही युक्ती एकालाही सुचली नव्हती.

चहा मी केला. साखर जास्त झाली. त्यानं तो शेवटच्या घोटापर्यंत संपवला. कप ठेवून त्यानं भिंतीकडे पुन्हा पाहिलं. "शेजारी जागा हाय," तो म्हणाला. "तुमचा काढला का कुणी?"

मी जरा विचार केला. आधार कार्ड सोडून कुणी नव्हता काढला.

"बसा मंग स्टुलावर. माझा हात बसलाय आता."

मी स्वतःच चकतीवर हिरवी डबी लावली आणि कॅमेरा त्याच्या हातात दिला. खिडकीजवळची बारकी चकतीही फिरवून दिली, तो "आता दिसले" म्हणेपर्यंत. मग जाऊन स्टुलावर बसलो. त्या स्टुलावरून खोली कशी दिसते हे मला ठाऊक नव्हतं. कॅमेऱ्यामागचा माणूस फार मोठा दिसतो, आणि आपल्याला हातांचं काय करावं ते कळत नाही. पश्चिमेकडून ऊन येत होतं, चेहऱ्याची एक बाजू पार जळणार होती.

"थांबा, लिंबाजीबा," मी म्हणालो, "उजेड बरा..."

फ्लॅश उडाला.

तोंड उघडं, एक हात खोलीच्या खिडकीच्या पडद्याकडे पुढे केलेला, डोळे अर्धे मिटलेले, असा तो फोटो आहे. कोपऱ्यात बोटही आहे. मी तो पुसलेला नाही. 'लिंबाजी मामा' या फोल्डरमध्ये ठेवलाय, आणि वैशालीला सांगून ठेवलंय, म्हणजे शोधावं लागणार नाही.